मागे बसणारी

ओरम, टॅलमन काउंटी
२९ ऑगस्ट १९९६

प्रिय ट्रूडी,

हो, येते.

सरळ विचारलंस म्हणून आधी सरळ उत्तर दिलं. आता बाकीचं. तुझ्या डेनचं जहाज नाताळाआधी परतणार नाही, बाळ नोव्हेंबरच्या मध्यावर येणार, आणि तेव्हा टकोमात तुझ्याजवळ आपलं असं कोणी नसणार, हे वाचलं आणि पत्र फ्रिजवर लावून मी तिथेच उभी राहिले. ‘महिना-दोन महिने ये, आई, आणि पेजर घरी ठेवून ये.’ पेजर या शब्दाखाली तू दोन रेघा ओढल्यास. एक पुरली असती.

फोन नको, पत्र लिही, हेही कबूल. आपलं बोलणं रंगात आलं की माझ्या कमरेचा डबा कोकलतो आणि ‘थांब हं’ म्हणून मी जी जाते ती दुसऱ्या दिवशीच उगवते, हे तुझं गाऱ्हाणं खोटं नाही. तुझ्या लग्नाच्या एकाही फोटोत मी नाही. चर्चच्या पायऱ्यांवर सगळे ओळीने उभे राहिले तेव्हा मी अँब्युलन्सच्या मागच्या बाजूला व्हॉस आजोबांच्या नाकाला ऑक्सिजन लावत होते, आणि ते मला विचारत होते की केक कापला का.

तू गेल्यापासून इथलं बरंच बदललं. अँब्युलन्सच्या पथकात एकेकाळी आम्ही सात-आठ जण होतो. कोणी म्हातारं झालं, कोणी रँच विकून शहरात गेलं, एकाने तर नुसतंच यायचं बंद केलं. आता रोग्याजवळ मागे बसायची परीक्षा पास झालेली मी एकटी उरले. गाडी चालवायला रॉइस पेडरसन आहे, सत्तरी केव्हाच ओलांडलेला आणि गुडघे गेलेला. मागे परीक्षा झालेलं माणूस नसेल तर गाडी गॅरेजबाहेर काढायची नाही असा नियम आहे. म्हणजे मी गाव सोडलं की काउंटी उघडी पडते. म्हणून मी गाव सोडतच नाही. आंघोळीला बसते ती दार उघडं ठेवून. मध्ये एकदा केसांना रंग लावून घ्यायला गेले आणि अर्ध्यात डबा कोकलला. परत येईपर्यंत उजवी बाजू गाजरासारखी झाली होती. रॉइस अजून मला दुरंगी कोंबडी म्हणतो.

पण यंदा सोय झाली आहे. डीना, नोव्हॉटनींची धाकटी सून, परीक्षेला बसते आहे. ऑक्टोबरात निकाल. पोरगी हुशार

(दुसऱ्या दिवशी सकाळी.) कोकलला. लार्सनबाई गोठ्याच्या पायरीवरून पडल्या, खुब्याचं हाड. इस्पितळापर्यंत सत्तर मैल जायचं आणि सत्तर मैल यायचं, त्यात दिवस गेला. डीना हुशार आहे एवढंच लिहायचं होतं. ती पास झाली की मी सुटले.

तुझी,
आई

ओरम
२२ सप्टेंबर

प्रिय ट्रूडी,

‘लोकांना सांगितलंस का?’ असं विचारलंस. सांगितलं. मागच्या रविवारी चर्चच्या तळघरात कॉफीच्या वेळी सांगितलं की मी ऑक्टोबरच्या शेवटी निघते आणि नाताळानंतर बघू. सगळे ‘अरे वा’ म्हणाले आणि आपापल्या कपात बघायला लागले. मग कोणीतरी गवताचा विषय काढला.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या दाराशी झाकलेली भांडी यायला लागली. बटाट्याचे थर, कोंबडीचे थर, शेवयांचे थर, वरून सगळ्यावर चीज. चिठ्ठी नाही, बेल नाही. ताकाला येऊन भांडं लपवणारी माणसं ठीक असतात, निदान काय हवंय ते कळतं. आपल्याकडे भांडं पायरीवर ठेवून जातात आणि ताकाचं नाव काढत नाहीत. मी एकटी किती खाणार? फ्रीजरचं झाकण लागत नाही आता. प्रत्येक भांड्याच्या बुडाला मालकिणीच्या नावाची पट्टी चिकटवलेली असते, म्हणजे ते धुऊन परत द्यायला मला प्रत्येकीच्या घरी जावं लागतं, आणि ती दारात उभी राहून म्हणते, ‘छे गं, काही घाई नव्हती.’

तू हसशील, पण तू इथली आहेस, तुला ठाऊक आहे. इथे कोणी काही मागत नाही. बेकरचा हात गवताचे गठ्ठे बांधायच्या यंत्रात गेला तेव्हा तो अर्धा मैल चालत घरी आला, बूट पुसले, आणि बायको फोनवर बोलत होती म्हणून तिचं बोलणं संपेपर्यंत दारात उभा राहिला. लोक ही गोष्ट अजून कौतुकाने सांगतात. मी त्या हाताचं काय झालं होतं ते पाहिलंय, मला कौतुक वाटत नाही.

शाळेत आपल्याला शिकवलं की या वाळूच्या टेकड्यांवर फुकट जमीन मिळते म्हणून हजारो आले, दुबळे पळाले आणि कणखर टिकले. त्यांच्याआधी इथे लाकोटा होते आणि त्यांना कोणी विचारलं नव्हतं, हे तेव्हा पुस्तकात नव्हतं. कणखरपणाचंही मला हल्ली खरं वाटत नाही. माझ्या मते ज्यांच्या घोड्यांत परत जायचा दम उरला नव्हता ते राहिले. आपण त्यांची नातवंडं. दुखणं अंगावर काढायचं आणि त्याला अब्रू म्हणायचं, हे आपल्याला दुधातून मिळालं.

एवढं चिडून लिहायचं नव्हतं. तुझे पाय सुजतात म्हणालीस. किती सुजतात? बोटाने दाबल्यावर खळगा राहतो का? डोकं दुखतं का? रक्तदाब चढला तर तुलाही धोका आणि बाळालाही. सरळ लिही.

तुझी,
आई

ओरम
१४ ऑक्टोबर

ट्रूडी,

पायांचं तू काहीच लिहिलं नाहीस. ‘डॉक्टर बघताहेत’ हे उत्तर नव्हे.

शनिवारी अग्निशमनाच्या हॉलमध्ये माझ्या सन्मानाचं जेवण झालं. मला कोणी आधी सांगितलं नाही. हॉलमधला दिवा बिघडलाय, बघायला ये, असं सांगून रॉइसने नेलं. आत सगळी काउंटी. डुकराचं मांस, मका, रंगीत जेली. भिंतीवर कागदी पट्टीवर लिहिलं होतं: ‘आमची अर्डिस’. त्या ‘आमची’ शब्दाकडे मी बराच वेळ बघत राहिले.

मग गोधडी दिली. काउंटीतल्या प्रत्येक रँचची खूण, जनावराच्या मांडीवर डागतात ती, एकेका चौकोनात शिवलेली. बायकांनी महिनाभर आळीपाळीने बसून केली. सुंदर आहे, खोटं का बोलू, मी रडले. मर्ल, आपल्या काउंटी मंडळाचा अध्यक्ष, बोलायला उठला. त्याचं भाषण म्हणजे नेहमी हवामान. पण या वेळी म्हणाला, “अर्डिस नसती तर आज इथल्या निम्म्या खुर्च्या रिकाम्या असत्या.” एवढं म्हणून खाली बसला. कोणी म्हणालं नाही, जाऊ नकोस. कोणी म्हणालं नाही, तू गेल्यावर काय. सगळे माझ्याकडे नुसते मायेने बघत होते. कोणी शिव्या दिल्या असत्या तर मी उलट दिल्या असत्या आणि दुसऱ्या दिवशी सामान बांधलं असतं. मायेला काय उत्तर द्यायचं?

ती गोधडी इतकी जड आहे की पलंगावर घेतली तर मला कुशीवर वळता येत नाही.

आता मुख्य गोष्ट, जी मी तीन परिच्छेद लांबवली. डीना नापास झाली. थोडक्यात हुकली. पुढची परीक्षा मार्चमध्ये. ती माझ्याकडे येऊन ‘सॉरी’ म्हणून रडली आणि मला तिला जवळ घ्यावं लागलं, मनातून मी तिला झोडपत असतानासुद्धा.

इकडे आड, तिकडे विहीर. पण मी ठरवलंय. २६ला शनिवारी सकाळी निघते. शेजारच्या काउंटीची अँब्युलन्स येईल. तिला यायला तास-सव्वा तास लागतो, लागू दे.

तुझी,
आई

ओरम
२७ ऑक्टोबर

ट्रूडी,

पाकिटावरचा शिक्का बघूनच तू समजली असशील. मी ओरमलाच आहे.

आधी ‘गाडी बिघडली’ असं लिहून तो कागद फाडला. गाडी ठणठणीत आहे.

तुझी चिठ्ठी शुक्रवारी मिळाली. ‘२६ला नीघ. या वेळी नाही आलीस तर पुन्हा पत्र पाठवू नकोस.’ मी ती खिशात घालून काल निघाले होते. उजाडलं होतं, सगळीकडे धुकं. रॉइसच्या फाटकाशी थांबले, गॅरेजच्या किल्ल्या आणि पेजर देऊन पुढे व्हायचं होतं. त्याची बायको लव्होन बाहेर आली. हातात माझ्यासाठी थर्मास. किल्ल्या तिनेच घेतल्या.

मी म्हटलं, “रॉइस कुठाय? निरोप घेऊ दे.”

“झोपलाय गं. तू नीघ, तुला उशीर होईल.”

रॉइस पेडरसन. जो गाईंच्या आधी उठतो. लव्होनच्या हातातल्या किल्ल्या वाजत होत्या, थंडीने नव्हे. ट्रूडी, मला त्या क्षणी कळलं. आणि कळल्यावरही मी गाडीच्या दाराला हात लावून उभी राहिले. तुझी चिठ्ठी माझ्या खिशात होती. ती म्हणते ना झोपलाय, मग झोपला असेल, असं मी स्वतःला ऐकवून बघितलं. मग शिवी हासडली आणि आत गेले.

तो खुर्चीत बसला होता. कपडे केलेले, केस विंचरलेले, चेहरा राखेच्या रंगाचा, शर्ट घामाने चिकटलेला. आदल्या संध्याकाळपासून छाती दुखत होती. डाव्या हाताला मुंग्या. लव्होनने दोनदा फोन उचलला आणि दोनदा त्याने तो खाली ठेवायला लावला.

मला बघून म्हणाला, “तू निघायची होतीस ना?”

“केव्हापासून दुखतंय?”

“काही नाही गं. तुझी गाडी काउंटीबाहेर जाईपर्यंत थांबणार होतो. मग शेजारच्या काउंटीवाल्यांना बोलावलं असतं.”

धुक्यामुळे इस्पितळाचं हेलिकॉप्टर येईना. गॅरेज जवळच, पण चालवायला कोण? लव्होनने चालवली. जन्मात जिने ट्रॅक्टरपेक्षा मोठं काही चालवलं नाही ती, सत्तर मैल, धुक्यातून, ओठ आवळून. मी मागे. वाटेत दोनदा मला वाटलं संपला. मी त्याच्याशी सारखी बोलत राहिले, म्हणजे भांडत राहिले. त्याला म्हटलं, उपकार म्हणून मरतोस होय रे माझ्यावर? मला काउंटीबाहेर घालवायला निघालास, आणि गेल्यावर जन्मभर मी काय म्हणून जगायचं होतं? त्याने डोळे न उघडता विचारलं, “केस दुरंगी आहेत का अजून?” मी त्याचा हात धरला.

जगलाय. हृदयाचा बराच भाग गेला. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळीच आणला असता तर फारसं काही बिघडलं नसतं. गाडी तो आता चालवणार नाही. लव्होन तिकडे त्याच्याजवळ आहे. त्यांची गुरं मी बघते. म्हणजे आता मागे बसायला मी आहे आणि पुढे बसायला कोणीच नाही. चार तारखेला काउंटी मंडळाची बैठक आहे. तोवर मला हलता येत नाही.

हे वाचून तू काय म्हणशील ते मला पाठ आहे. म्हण. रागावून का होईना, लिही.

आई

वायोमिंग, हमरस्त्यावरचं एक लॉज
६ नोव्हेंबर

ट्रूडी,

पश्चिमेकडचा रस्ता बर्फामुळे बंद केलाय. अक्षरशः फाटक टाकलंय हमरस्त्यावर, आणि त्याच्यापुढे पोलिसाची गाडी. पोलीस म्हणतो, दुपारी उघडेल, नाहीतर उद्या. लॉजमध्ये ट्रकवाले पत्ते खेळताहेत. मी खिडकीशी बसून त्या फाटकाकडे बघते आहे आणि तुला लिहिते आहे, कारण नुसतं बसवत नाही.

सोमवारी बैठक झाली. हॉल भरला होता. मर्लने रॉइसच्या तब्येतीचं सांगितलं, मग गाडीच्या टायरचं, मग तो थांबला आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. तेच बघणं. मी उठले. म्हटलं, मला माझ्या लेकीकडे जायचंय. मागे बसायला माणूस पाहिजे आणि चालवायला माणूस पाहिजे. तुम्ही कोणी विचारत नाही, म्हणून मीच विचारते. आणि एकेकाचं नाव घेऊन विचारलं. मर्ल, तू शिकशील? बेकर, तुझा मुलगा? लार्सन? व्हॉस? असं चारचौघांत नाव घेऊन विचारणं म्हणजे आपल्याकडे कपडे उतरवण्यासारखं. माणसं बुटांकडे बघत राहिली. लार्सनबाई म्हणाल्या, “अर्डिस दमली आहे बिचारी.” कोणीतरी कॉफी आणली.

डीना तेवढी म्हणाली, मी चालवीन. पण मागे कोणी नसेल तर तिने चालवून उपयोग काय?

मी घरी आले. ट्रूडी, तुला खरं सांगते, तेव्हा मी हरले होते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. मी मनाशी म्हटलं, मार्चपर्यंत थांबू. डीना पास होईल. लेक रागावेल, पण लेक आहे, कधीतरी बोलेल. बॅग उघडून कपडे परत कपाटात लावले.

काल सकाळी तुझं पत्र आलं. मला वाटलं शिव्या असतील. उभ्यानेच फोडलं. आत एवढंच:

‘प्रिय आई, रॉइस वाचला हे ऐकून बरं वाटलं. माझी अजिबात काळजी करू नकोस. मी ठीक आहे. शेजारीण आहे. तू तिकडचं बघ, घाई करू नकोस.’

पहिल्यांदा वाचलं आणि हायसं वाटलं. लाज वाटते सांगायला, पण वाटलं. सुटले म्हटलं, लेकीने समजून घेतलं. कॉफी ओतली. आणि कप हातात असताना मला रॉइस दिसला, खुर्चीत बसलेला, केस विंचरलेला. काही नाही गं, तू नीघ.

तू जन्मात कधी मला ‘घाई करू नकोस’ म्हणाली नाहीस. तू दारं आपटलीस, फोन आपटलेस, दोन-दोन रेघा ओढल्यास. तोवर मला काळजी नव्हती, भांडणारं माणूस शुद्धीवर असतं. आणि आता ही गोड चिठ्ठी. पायांचं मी विचारलं त्याला दीड महिना उत्तर नाही. अक्षर ओळीखाली घसरलंय. तू टकोमात कितीही वर्षं राहा, तू टॅलमन काउंटीची आहेस. दुखायला लागल्याशिवाय तू इतकी सभ्य व्हायची नाहीस.

मी तुला फोन केला. मशीनवर तुझा रेकॉर्ड केलेला आवाज. पुन्हा केला. मग तुमच्याकडच्या अँब्युलन्सच्या लोकांना फोन करून म्हटलं, या पत्त्यावर जाऊन बघा. ते गेले. तू दार उघडून, हसून, त्यांना म्हणालीस म्हणे की आई उगाच घाबरते, सगळं ठीक आहे. त्यांनी मला तसं कळवलं. मी त्यांना म्हटलं, ती इथली आहे, तिचं ऐकू नका, तिचा रक्तदाब बघा. त्यांना कळलं नाही. कसं कळेल?

तासाभरात निघाले. पेजर डीनाच्या हातात दिला. तिने विचारलं, “कोकलला तर काय करू?” मी म्हटलं, शेजारच्यांना फोन कर आणि रोग्याशी बोलत राहा. ती म्हणाली, “आणि ते वेळेवर नाही आले तर?” मी गाडी सुरू केली. आज तिथे कोणी पडलं तर त्याच्याजवळ मागे बसायला कोणी नाही. ते माझ्या ओळखीचं माणूस असेल, कारण तिथे दुसरं कोणी राहतच नाही. हे मला माहीत आहे आणि तरी मी निघाले. याचं ओझं व्हायचं तेव्हा होईल. गोधडी पलंगावर तशीच आहे.

तुझ्यावर रागावले आहे मी. रॉइसवर होते तेवढीच. आणि तुला हे शिकवलं कोणी, तर मीच, म्हणून स्वतःवर जास्त.

पोलीस फाटकाजवळ हात हलवतोय. ट्रकवाले पत्ते टाकून उठले. मीही उठते.

हे पत्र टपालात टाकत नाही, टपालाआधी मी पोचेन. तू दार उघडलं नाहीस तर फटीतून आत सरकवीन. वाचून होईपर्यंत थांबेन. मग पुन्हा ठोठावेन. ‘मी ठीक आहे’ असं आतून म्हणालीस तर लक्षात ठेव, बंद दार बाहेरून कसं उघडायचं हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवतात.

आई